ठेवायचं का सोडायचं: कुंभार गल्लीत घडवून घेतलेली तांबू

कोल्हापुरात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या एका जुन्या कारखान्यात मी आमच्या कुत्रीची मातीची मूर्ती घडवून घेतली. त्या कामाविषयी, ते करणाऱ्या कारागिराविषयी आणि त्यात आलेल्या बऱ्या-वाईट अनुभवाविषयी हे लिहीत आहे. कारखान्याचे नाव देत नाही, कारण ते देऊ नये ही खुद्द कारागिराचीच अट होती. बेंदराचे बैल, नागपंचमीचे नाग, गौरी-गणपती आणि मागोमाग नवरात्रातल्या देवी, असे आषाढापासून दसऱ्यापर्यंत त्यांच्या हाताला उसंत नसते. त्यात कुत्र्या-मांजरांची रीघ लागली तर घरच्यांच्या शिव्या खाव्या लागतील, असे त्यांचे म्हणणे पडले. गल्लीत शिरून नीट चौकशी केली तर असे काम अंगावर घेणारा हात सापडतो, एवढे मात्र सांगते.

तांबू आमच्याकडे २०१२ साली आली. रंकाळ्याच्या काठी भेळेच्या गाड्यांमागे सापडलेले, गोचिडांनी भरलेले ते पिल्लू माझ्या मुलीने ओढणीत गुंडाळून आणले, आणि दोन दिवसांत दुसरे घर शोधून देऊ या बोलीवर ते तेरा वर्षे राहिले. जात गावठी, रंग विटेचा, डावा कान टोकाला फाटलेला. तिने काही पराक्रम केला नाही. आपल्याकडे ज्या जनावरांची आठवण जतन झाली त्यांच्यामागे काहीतरी थोर असते: आळे गावात ज्या रेड्याची समाधी आहे त्याने वेद म्हटल्याची कथा आहे, आणि धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढलेला कुत्रा तर शेवटी कुत्रा राहतच नाही, तो प्रत्यक्ष यमधर्म निघतो. तांबूने हयातीत कोल्हापुरी चपलांचे चार जोड खाल्ले आणि ती अखेरपर्यंत कुत्रीच राहिली. म्हणूनच कदाचित तिच्यासाठी काय करायचे हे आम्हांला कोणत्याही कथेतून सापडेना.

गेल्या श्रावणात ती गेली. मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. पाणी भांडेच्या भांडे पिणे, जेवणाकडे पाठ फिरवणे आणि दर तपासणीला वाढलेले क्रिएटिनिन, असे दोन महिने गेले. शेवटी शेवटी घरीच कातडीखाली सलाईन देत होतो. एका संध्याकाळी डॉक्टरांनी अतिशय हळुवारपणे विचारले, की आता तिला असेच ठेवायचे, की इंजेक्शन देऊन मोकळे करायचे, याचा विचार घरात करून ठेवा. आम्ही विचार केला नाही. खरे तर आम्ही तो विषयच काढला नाही; यजमान वर्तमानपत्र वाचत राहिले, मी स्वयंपाकघरात राहिले, आणि चौथ्या दिवशी पहाटे तिने आमच्या उत्तराची वाट न पाहता देह ठेवला. मृत कुत्रीबद्दल ‘देह ठेवला’ असे लिहिलेले काहींना खटकेल. मला दुसरा शब्दप्रयोग सुचत नाही.

माझ्या भावाच्या शेतात, करवीर तालुक्यातच, बांधालगत तिला पुरले. चार फूट खड्डा, खाली मीठ, वर मीठ, जुनी सतरंजी. अर्ध्या तासात सारे आटोपले आणि नऊ वाजता मी परत घरात होते. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली.

कोल्हापुरात माणूस गेला की पुढचे सगळे ठरलेले असते. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका विनामूल्य अंत्यसंस्कार करते, चितेला शेणी लागतात आणि त्या शेणी होळीच्या दिवसांत शहरातले लोक आपण होऊन दान करतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि त्या ‘रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊ वाजता’ या वाक्याने संपतात. ते वाक्य वाचून माणसे नऊला हजर होतात, नमस्कार करतात आणि चहा न घेता परततात. या सगळ्याचा उपयोग मेलेल्याला किती होतो हे मला सांगता येणार नाही, पण मागे राहिलेल्याला पुढचे दहा-बारा दिवस काय करायचे ते कळते. कुत्रीच्या बाबतीत पहिल्याच दिवशी नऊ वाजता माझ्यापुढे करण्यासारखे काही उरले नव्हते. तिची ताटली घासावी की फेकावी, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी तीन आठवडे मोरीत ठेवून दिला.

पितृपंधरवड्यात तर एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. श्राद्धाच्या दिवशी गायीसाठी, कावळ्यासाठी आणि कुत्र्यासाठी पान काढतात. आमच्या घरी कुत्र्याचे पान तेरा वर्षे तांबूचेच होते. खिरीचा वास सुटल्यापासून ती उंबऱ्याशी बसून राही. म्हणजे श्राद्धात कुत्र्याचा वाटा आहे, पण कुत्र्याच्या श्राद्धाची सोय कुठेच नाही. या वर्षी सासऱ्यांच्या तिथीला ते पान घेऊन यजमान कोपऱ्यापर्यंत गेले, तिथल्या एका काळ्या कुत्र्यापुढे ठेवून आले आणि हात धुवायला म्हणून न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

वस्तूंच्या बाजाराने या दुःखाची दखल घेतलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलीने पुण्याहून ऑनलाइन मागवून एक चौकट पाठवली. तीत तांबूचा फोटो, खाली पंजाचा छापील ठसा, जो तिचा नव्हता, आणि इंद्रधनुष्याच्या पुलापाशी आपली जनावरे वाट पाहत असतात अशा अर्थाच्या इंग्रजी ओळी. मुलीच्या मायेबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण तो पूल काही केल्या माझ्या मनात उभा राहिला नाही. आपल्याकडे पलीकडे जायला वैतरणी आहे, आणि ती माणसाने ओलांडायची ती गाईचे शेपूट धरून. जनावरच माणसाला पैलतीरी नेते. जनावराला कोण नेते हे कुणी सांगितलेले नाही. माझ्या चुलत सासूबाई दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात. त्यांनी मात्र क्षणाचाही विचार न करता निकाल दिला: “दत्ताच्या पायाशी चार हायतच, त्यात ही पाचवी.” दत्तात्रेयांच्या पायाशी असलेले चार श्वान म्हणजे चार वेद, असे सांगतात. पाचव्या वेदाने माझ्या चपला खाल्ल्या, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. पण त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली, हेही लिहून ठेवते.

दिवाळीच्या पाडव्याला पंचगंगेकडे म्हशी पाहायला गेलो. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, की त्या दिवशी गवळी लोक म्हशींना न्हाऊ-माखू घालून, शिंगे रंगवून, मोरपिसे आणि गोंडे बांधून मिरवतात आणि मालक फटफटीवर पुढे गेला की गर्दीतून वाट काढत म्हैस त्याच्या गाडीच्या आवाजामागे धावते. दोर नसतो, काठी नसते. तिथे एक म्हातारे गृहस्थ कट्ट्यावर बसले होते. त्यांची म्हैस उन्हाळ्यात गेली, आणि यंदा ते नुसते बघायला आले होते. त्यांनी ते अगदी सरळ सांगितले आणि आजूबाजूच्या कुणालाही त्यात नवल वाटले नाही. २०१९ च्या महापुरात आंबेवाडी-चिखलीकडची माणसे जनावरे सोडून नावेत चढायला तयार नव्हती, ते याच मुलखातले. मग माझ्या इमारतीतल्या सुशिक्षित शेजाऱ्यांनी “अहो, दुसरं पिल्लू आणा की” असे म्हणावे याची गंमत वाटते. ज्या शोकाला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही त्याविषयी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली पुस्तक काढले आणि त्या अवस्थेला नाव दिले. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना त्या नावाची गरज नव्हती. मला होती.

भाऊबीज झाल्यावर मी कुंभार गल्लीत गेले. कल्पना माझी नव्हती. बेंदराला मातीचे बैल जिथून आणतो तिथे विचारून पाहा, असे भावाने सुचवले होते. कारागीर साठीच्या पुढचे, त्यांना सगळे मामा म्हणतात. समोर रिकाम्या फळ्या, कोपऱ्यात उरलेल्या दोन-तीन देवी आणि भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला, मोठा केला, पुन्हा पाहिला, आणि किंमत, उंची, रंग यांतले काहीही न बोलता विचारले:

“ताई, ठेवायचं हाय का सोडायचं?”

मला प्रश्न कळला नाही. किंवा फार चांगला कळला, कारण श्रावणात हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर मी देणे लागत होते. मामांच्या मनात अर्थातच तसे काही नव्हते. “ठेवायचं आसंल तर भाजावं लागतंय,” त्यांनी समजावले, “सोडायचं आसंल तर कच्चंच बरं, पाण्यात विरघळतंय.” त्यांच्या लेखी मूर्तीचे दोनच प्रकार: बैल आणि गणपती ज्या त्या दिवसापुरते, म्हणून कच्चे, पणती, कुंडी, माठ कामाचे, म्हणून भाजलेले. माझी कुत्री यांपैकी कुठे बसते एवढेच त्यांना ठरवायचे होते. मी “ठेवायचं” म्हटले. ते मान हलवून गेले आणि ओल्या फडक्याखालचा मातीचा गोळा घेऊन आले.

आता कामाविषयी तपशिलाने. भाजायची मूर्ती भरीव करता येत नाही. आत माती जाड राहिली आणि तिच्यात ओल उरली, तर भट्टीत वाफ धरून ती फुटते. म्हणून आतून पोकळ, बोटभर जाडीची करावी लागते आणि सावलीत सावकाश वाळवावी लागते. शिवाय वाळताना आणि भाजताना माती आकसते, साधारण दहावा हिस्सा, त्यामुळे अकरा इंच हवी असेल तर बारा-सव्वाबारा इंच घडवतात. मी शेतातली, तिच्या जागेवरची मूठभर माती पुडीत बांधून नेली होती. ती पाहून मामा थोडे अडखळले. शेतमातीत चुनखडी असते, आणि चुनखडीचा बारीक खडा भट्टीनंतर महिन्याभराने फुगून वरचा पापुद्रा उडवतो. नाही म्हणणे त्यांना सोपे होते. त्यांनी ती माती भिजवली, वस्त्रगाळ केली आणि फक्त बैठकीच्या तळाशी मळून घातली. “हितं काय झालं तरी दिसत न्हाई,” एवढेच बोलले. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

त्यांना फोटो हवे होते: दोन्ही बाजूंनी, मागून, आणि उभी असतानाचा एक. माझ्या मोबाइलमध्ये तांबूचे सहाशेच्या वर फोटो निघाले. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांत ती समोर, माझ्याकडे पाहत असलेली. मागून एकही नाही. तिचे शेपूट पाठीवर डावीकडे वळत असे की उजवीकडे, यावर आमच्या घरात रात्री साडेदहापर्यंत वाद झाला आणि शेवटी मुलीच्या लग्नाच्या चित्रफितीत, जेवणाच्या पंगतीमागून जाताना, दीड सेकंद ते शेपूट सापडले. उजवीकडे. तेव्हा ज्यांची जनावरे आज हयात आहेत त्यांनी हे वाचून झाल्यावर उठावे आणि मागून एक फोटो काढून ठेवावा.

पहिला चेहरा साफ फसला. तो मामांच्या मुलाने केला होता आणि त्याने नमुन्यासाठी इंटरनेटवरचा कुत्रा घेतला असावा, कारण समोर आली ती देखणी, कान ताठ असलेली अल्सेशियन. मी गप्प राहिले. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, तारेने ते डोके कापले आणि पाण्याच्या टपात टाकले. थोड्या वेळाने ते विरघळायला लागले. ते पाहणे मला अवघड जाईल असे वाटले होते, गेले नाही.

दुसरे डोके त्यांनी स्वतः केले, माझ्यासमोर, सुमारे दीड तासात. गणपतीच्या डोळ्यांची आखणी कुंचल्याने होते, इथे रंग नको असे मीच सांगितले होते, त्यामुळे नजर मातीतच आणायची होती. डोळे कोरून झाले तरी ती कुणीतरी परकी कुत्री होती. मग त्यांनी दोन्ही अंगठे डोळ्यांवर, कपाळाच्या मधल्या बाजूला टेकवून माती किंचित वर ढकलली आणि एकाएकी तांबू माझ्याकडे पाहू लागली, जेवताना पाहायची तशी. “हितं उचललं की बघतंय,” मामा म्हणाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शरीरशास्त्रीय अभ्यासात नेमके हेच आढळले, की भुवईची आतली बाजू वर उचलणारा जो स्नायू कुत्र्यांत ठळक असतो तो लांडग्यांत जवळजवळ नसतोच. माणसाच्या हजारो वर्षांच्या सोबतीत कुत्र्याने तो कमावला असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. मामांना तो अभ्यास माहीत असण्याचे कारण नाही. त्यांच्या अंगठ्यांना माहीत होते. कुत्र्याशी असलेल्या नात्याला लोक आध्यात्मिक वगैरे म्हणतात तेव्हा मी पूर्वी संकोचत असे. त्या दुपारी मला वाटले, की तेरा वर्षे रोज दोन वेळा कुणीतरी आपल्याकडे इतके निःशंकपणे पाहत राहिले, तर त्याला दुसरे काय म्हणायचे.

तक्रारीही आहेत. तीन आठवड्यांची बोली होती, प्रत्यक्षात सात लागले. थंडीत माती वाळत नाही हे कारण खरे असेल, पण ते पहिल्याच दिवशी सांगता आले असते. संध्याकाळी सातनंतर फोन उचलला जात नाही. पावती मिळत नाही. आगाऊ दिलेले हजार रुपये भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ‘कुत्रं, ताई’ असे लिहून नोंदवले गेले. गल्लीत चारचाकी नेण्याचा विचारही करू नये. आणि भाजताना उजव्या कानाला बारीक तडा गेला. मामांनी तो भरून, गेरू लावून बेमालूम करण्याची तयारी दाखवली, मी नको म्हटले. “असू दे ताई, तिचा कान फाटलेलाच होता की,” असे त्यांच्या मुलाने हसून म्हटले, ते मला आवडले नाही. तांबूचा फाटका कान डावा होता, आणि तो मामांनी डावाच केला आहे. उजव्याचा तडा हा भट्टीचा दोष आहे, त्याला योगायोगाचे रूप देण्याची गरज नाही.

एकूण खर्च २,८०० रुपये झाला. साच्यातून काढलेल्या वस्तूच्या मानाने तो जास्त वाटेल, समोर बसून केलेल्या कामाच्या मानाने मला कमी वाटला. ज्यांना हुबेहूब प्रतिकृती हवी आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. पायांची लांबी चुकलेली आहे, छाती तिच्या वयाच्या मानाने फार भरलेली आहे. बैलाचे वळण हाताला बसलेले, ते असे मधूनच डोकावते. ज्यांना पोरके झाल्यासारखे वाटते आहे आणि हाताला काही काम नाही, त्यांनी जावे, कारण इथे चार-पाच खेपा घालाव्या लागतात, फोटो शोधावे लागतात, शेपटावरून भांडावे लागते. आमच्या घरात तांबूविषयी मोकळेपणाने बोलणे सुरू झाले ते त्या शेपटापासून. इंजेक्शनचा विषयही त्याच आठवड्यात निघाला. यजमान म्हणाले, की त्यांचे उत्तर ‘होय’ होते आणि मी काय म्हणेन या भीतीने ते बोलले नाहीत. माझे उत्तर मी त्यांना सांगितले आहे.

दिवाणखान्याच्या खिडकीत, ती उन्हाला बसायची तिथे, आता भाजलेली तांबू आहे. शिल्लक पैसे द्यायला गेले तेव्हा मामांनी कागदात गुंडाळलेली आणखी एक मूर्ती पुढे केली: तळहातावर मावणारी, अंग मुडपून झोपलेली, कच्ची. उरलेल्या मातीची केली आहे, पैसे नकोत, म्हणाले. शेतातली चिमूटभर मातीही तिच्यात आहे. ही कधी सोडायची, असे मी विचारले, तर ते तुम्ही बघा म्हणाले. फक्त मृगाच्या आधी ठरवा, कच्च्या मातीला पावसाळ्यात आपोआप ओल धरते आणि मग ती हातात राहत नाही. सध्या ती कपाटावर, डब्यात, कापसात आहे. मृगाला अजून अवकाश आहे.